स्पॅम नाही

७ जुलै, सोमवार

आजपासून मी नोकरदार. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, शिवऱ्याहून चेलाडी फाट्यापर्यंत टेम्पोने सोडलं आणि एसटी हलेपर्यंत खिडकीखाली उभं राहून सूचना दिल्या. कागदावर तालुक्याचं नाव बदललंय, पण बसमधले सगळे वेल्हेच म्हणत होते. मार्गासनीच्या पुढे ढग रस्त्यावर उतरलेले. तोरणा कुठे आहे विचारलं तर कंडक्टर म्हणाला, हितंच हाय, दिवाळीला दिसंल.

खोली फुलाबाईंकडे मिळाली. घर बाजाराच्या टोकाला, त्या एकट्याच राहतात आणि पडवीत बसून लसूण-मिरची विकतात. त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग म्हणाल्या, जेवून घे पोरी, तोंड उतारलंय तुजं. आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो का, ते बघायची मला सवय आहे. त्यांचा बदलला नाही. मला घर आवडलं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक संगणक. ‘डोंगरसाथ’ ही खाजगी संस्था. डोंगरातल्या वाड्यांनी दरड, खचलेली वाट, पडकी भिंत असलं काही कळवलं की ते नोंदवायचं आणि योग्य त्या सरकारी कचेरीत पोचवायचं. पूर्वी लोक चालत यायचे, आता सगळं ईमेलवर. ते ईमेल वाचणारी मी. प्रमुख सुहासिनी मॅडम रोज भोरहून स्वतःच्या गाडीने येतात. माझ्या आधीचा कुमार पुण्याला निघून गेला म्हणाल्या, आणि जाताना तीन हजार न उघडलेले ईमेल ठेवून गेला. आधी कचरा काढ, एवढंच त्यांचं सांगणं. कचरा काढायला मला मनापासून आवडतं.

८ जुलै, मंगळवार

दिवसभर झाडलोट. जगात माझ्यावर किती लोकांचा जीव आहे हे आज कळलं. एका परदेशी विधवेला तिची इस्टेट मलाच द्यायची आहे. एक पार्सल माझ्या पत्त्याअभावी तीन महिने रडतंय. टक्कल घालवणारं तेल तर दिवसातून अकरा वेळा.

गंमत ही की यातलं बरंचसं सरळ समोरच्या डब्यात, इनबॉक्समध्ये, येऊन बसतं. आणि पावसाचा इशारा देणारा सरकारी ईमेल मला स्पॅमच्या फोल्डरात सापडला, तेलाच्या आणि लॉटरीच्या मधे. कचरा वेगळा काढणाऱ्या या गाळणीला माणूस ओळखता येत नाही. मॅडम म्हणाल्या, तू बटण दाबत राहा, तुझं बघून ती शिकते. म्हणजे माझ्या हाताखाली एक शिकाऊ आहे तर. शिकवीन की. स्पॅममध्ये टाकलेलं तीस दिवसांनी आपोआप कायमचं जातं, ही सोय उत्तम आहे.

१० जुलै, गुरुवार

आज मोठी शिकार. अकरा वाजून वीस मिनिटांनी एकाच पत्त्यावरून धडाधड एकवीस ईमेल आले. सगळ्यांचा विषय तोच, ‘तातडीचे’. मजकूर अक्षर न अक्षर सारखा, खाली फक्त नाव वेगळं, आणि प्रत्येकाला एक काळपट फोटो जोडलेला. असल्या जोडण्या उघडायच्या नसतात, हे मला कॉलेजात शिकवलंय. सगळे एकदम निवडले आणि ‘स्पॅम’ दाबलं. डबा स्वच्छ झाला. फुलाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, वाचलं न्हाई व्हय आधी? मी म्हटलं, मावशी, असलं वाचायचं नसतं.

१४ जुलै, सोमवार

मॅडमना पुण्याहून येणारं एक पत्र मिळत नव्हतं, म्हणून मी स्पॅमचं फोल्डर उपसत बसले. गुरुवारचे ते एकवीस समोर आले. एकाचा फोटो चुकून उघडला. शाळेची भिंत, मागे चढ, आणि चढाला आडवी गेलेली भेग. भेगेत कुणीतरी आपला हात घालून दाखवलाय, मनगटापर्यंत.

मग वाचले. उंबरमाची, बावीस घरं, डोंगराच्या पोटात. डोंगर फाटतोय. वाडीत रेंज फक्त एका कातळावर येते, म्हणून गोरख नावाच्या माणसाने आपल्या मोबाईलवरून सगळ्यांचे अर्ज पाठवले. सारखे का, तेही त्याने लिहिलंय. रखमाजी या म्हाताऱ्याने २६ जूनला सगळ्या वाडीचा मिळून एकच अर्ज पाठवला होता. केंद्राने उत्तर दिलं की एकत्र अर्ज चालणार नाही, प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र आणि ठरलेल्या नमुन्यात पाठवावा. हा नियम आमच्याच दारावरच्या फलकावर आहे. मी रोज त्याच्याखालून आत येते. रखमाजीने पुन्हा पाठवला नाही, म्हणून घरं बावीस आणि ईमेल एकवीस; त्याचा जुना अर्जही याच फोल्डरात तळाशी आहे.

आम्हीच सांगितलं सारखं लिहा. त्यांनी लिहिलं. आणि सारखं आहे म्हणून मी फेकून दिलं.

१५ जुलै, मंगळवार

एकवीसच्या एकवीस पुन्हा बाहेर काढले. प्रत्येकावर ‘स्पॅम नाही’ दाबलं. नोंदवहीत चढवले. माझ्या स्वतःच्या ईमेलवरून एक अर्ज लिहिला, नमुन्यातच, आणि सगळ्यांचे अर्ज जोडून सहा सरकारी ठिकाणी पाठवला, केंद्रालाही एक प्रत, गोरखला पोच. तेव्हा साडेदहा वाजले होते. मॅडमपुढे छापील गठ्ठा ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या पानावरून नजर खाली गेली, कडेला सरकली, आणि त्यांनी मला विचारलं की चहा सांगितलास का. मी पान पुन्हा पुढे केलं. पुन्हा तसंच. वाईट बाई नाहीत त्या. अक्षरं त्यांच्या डोळ्यांत शिरतच नव्हती.

दुपारी बघितलं तर एकवीस ईमेल परत स्पॅममध्ये. आणि त्यांच्यावर माझा, केंद्राला पाठवलेला. बाविसावा.

१७ जुलै, गुरुवार

रोज सकाळी बाहेर काढते, दुपारपर्यंत आत. शिकाऊ माझ्याहून हट्टी आहे. बघू कोण थकतं.

आज गोरखचा नवा ईमेल, तोही तिथेच. या वेळी माझ्या नावाने. लिहिलंय: “संजीवनीताई, तुमी आमचं वाचताय हे कळलं, लई बरं वाटलं. पण आता जपून ऱ्हावा. जो आमचं वाचून म्होरं धाडतो त्याचंबी आमच्यासारकंच हुतं. आदी कुमारभाऊंनी धाडलं हुतं.”

आणखी खाली गेले. २ जुलैचा एक ईमेल, कुमारचा, केंद्राच्या नावाने. एकच ओळ. मी उंबरमाचीत आहे, हे कुणाला पोचतंय का.

मॅडमना विचारलं की कुमार पुण्यात नक्की कुठे असतो. त्या म्हणाल्या, कोण कुमार?

मला घाबरवायचं असेल तर जरा बरं काहीतरी आणा. मी सहाही ठिकाणी पुन्हा पाठवलं.

१९ जुलै, शनिवार

अण्णांना फोन लावला. तीनदा कट झाला. चौथ्यांदा उचलला आणि कोण पाहिजे म्हणाले. माझा आवाज ओळखायला त्यांना वेळ लागला. म्हणाले, तुझा नंबर मोबाईलवर लाल रंगात येतोय, वर ‘स्पॅम’ लिहून येतंय, मला वाटलं कर्जवाले. दोघंही हसलो. मी त्यांना उंबरमाचीचं सांगायला लागले, तर मधेच म्हणाले, हॅलो, हॅलो, आणि ठेवला. रेंज चांगली होती.

हायवेवर उभी राहून मी कणसं विकलीत. ऐंशीच्या वेगातल्या गाड्या आवाजाने थांबवल्यात. माझा आवाज न पोचणं हे मी ऐकून घेणार नाही.

२२ जुलै, मंगळवार

चालत सरकारी कचेरीत गेले, गठ्ठा घेऊन. खिडकीपाशी दीड तास उभी होते. माझ्या मागचे लोक माझ्या खांद्यावरून कागद सरकवत होते, उद्धटपणे नाही, तिथे कुणी नसल्यासारखं. मी काचेवर थाप मारली. आतल्या माणसाने वर बघितलं, कान खाजवला, पुन्हा खाली बघितलं.

हे त्या कचेरीचं काम नाही. हे मी शिकवलेल्या गाळणीचं काम आहे. ती आता संगणकातून बाहेर आली आहे.

भीती वाटते. लिहूनच टाकते, म्हणजे ती वहीत राहील. भेग आता वीतभर, गोरखने कळवलंय. बावीस घरांत एकशे नऊ माणसं आहेत. माझी भीती त्यांच्यानंतर.

२६ जुलै, शनिवार

रखमाजींचा अर्ज फोल्डरातून गेला. २६ जूनचा होता, तीस दिवस भरले. मी बघत असताना ओळ नाहीशी झाली.

तासाभराने गोरखचं: “रकमाजी तात्यांचं घर गेलं. वरून माती आली, तेवढ्याच घरावर. तात्या आत हुते.” शेजारच्या भिंतीला ओरखडाही नाही म्हणतो.

सगळं कळलं. ओळ जाते तेव्हा माणूस जातो. मी ते एकवीस १० जुलैला अकरा वीसला टाकले; रोज बाहेर काढले तरी मोजणी तिथूनच. तीस दिवस म्हणजे ९ ऑगस्ट.

तारीख मी ठरवली आहे. माझ्या बोटाने.

२८ जुलै, सोमवार

मॅडमनी जाहिरात लावली. संगणक जाणणारी मुलगी पाहिजे, जागा रिकामी आहे. मी त्याच खुर्चीत बसून ती वाचली. गोरखला लिहिलं, खाली या सगळे, आत्ताच. उत्तर आलं की दोनदा आले होते, गुरंढोरं घेऊन. एसटी थांबली नाही. शाळेच्या ओट्यावर टेकले तर लोक त्यांच्या अंगावर सायकली टेकवून गेले. दोन दिवस बाळांना दूध मिळेना, मग परत वर गेले. वर निदान चूल आहे.

म्हणजे खाली एक तरी माणूस हवा, ज्याला ते दिसतील. एक.

१ ऑगस्ट, शुक्रवार

कुमारचा ईमेल गेला.

फुलाबाईंना अजून मी थोडी दिसते. आज मात्र भाकरी एकच थापली. मग तव्याकडे बघत राहिल्या, काहीतरी विसरल्यासारख्या. मी समोर बसून त्यांचं नाव घेतलं, सात वेळा. सातव्यांदा म्हणाल्या, आगं, हितंच हायेस व्हय.

५ ऑगस्ट, मंगळवार

उंबरमाचीला आले. चालत, चार तास. वाट जागोजागी वाहून गेलीय, जळवा पायाला.

त्यांना मी दिसते. आल्याआल्या एका आजीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे बघत होतं, मी रडले, लाज नाही वाटली. गोरख चाळिशीचा, बारका, सारखा मोबाईल पुसतो. त्याला सांगितलं, बटण मी दाबलं होतं. न वाचता. त्याने मोबाईल सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, तुमी कबूल तरी केलं, ताई.

कुमार कुठे विचारलं. म्हणाला, शुक्रवारपतुर हुता. सकाळी च्या घेतला, कप ठिवला— आणि मग गोरखला पुढचं सांगता येईना. कपाळ चोळत राहिला. कोण म्हणालात, ताई?

माझा ईमेल १५ जुलैचा. म्हणजे १४ ऑगस्ट.

असू दे.

६ ऑगस्ट, बुधवार

कातळावर बसून डोकं खाजवत होते. गोरखच्या मोबाईलवर एक ईमेल सरळ समोरच्या डब्यात आला. भामट्याचा. ‘ताई, माझी आई आजारी आहे, तिला मोगरा आवडतो, तुझ्याशी खरं बोलतो.’

संताप आला, आणि त्या संतापात उमगलं. चोर माणसासारखा बोलतो म्हणून आत येतो. खरी माणसं आमच्या नमुन्यात बोलतात, वरील विषयास अनुसरून, म्हणून कचऱ्यात.

नमुना फाडला. सगळ्यांना वहीची पानं वाटली. अर्ज नको, म्हटलं. तुमचं सांगा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं मी लिहिते, त्याच्याच शब्दांत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

एकवीस पानं. एकीने लिहिलंय, भेगंत माजी कोंबडी पडली, तीन दिस आतून आवाज येत हुता. एकाने फक्त म्हशीबद्दल लिहिलंय. गोरखचं सगळ्यात लहान— मला माज्या पोरीला साळंत घालायचंय, दुसरं काय न्हाई.

दुपारी वेल्ह्यात. फुलाबाईंपुढे पानं ठेवली. त्या माझ्या आरपार बघत होत्या. वारा आला, पान हललं, त्यांनी उचललं. सातवी शिकल्यात. बोट धरून मोठ्याने वाचायला लागल्या. कोंबडीपाशी थांबल्या.

मग उठल्या. दुकान उघडं टाकून. शेजारच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, आरं डोंगरावर माणसं हायती, आयका की कुणीतरी.

ऐकलं. एकाने, मग चौघांनी, मग बाजाराने. पानं हातोहात गेली.

आता टेम्पो निघालेत, रस्ता संपतो तिथपर्यंत, पुढे चालत. एकूण अकरा. मी मोजले.

९ ऑगस्ट, शनिवार

सगळे खाली. वेल्ह्याच्या शाळेत चुली पेटल्यात, बाळांना दूध आहे. कालची शेवटची खेप आली ती म्हशींची.

अकरा वीसला फोल्डरातल्या एकवीस ओळी गेल्या. आणि लांब डोंगरात आवाज झाला. सगळे उभे राहिले. उंबरमाची नाही आता. घरं गेली. माणसं— एकशे आठ. तीनदा मोजली. रखमाजी तात्या सोडून सगळे.

हरले नाही मी.

गोरखकडे धावत गेले. तो माझ्याशेजारून गेला. मुलीचा हात धरून, शाळेत नाव घालायच्या रांगेत. मी हाक मारली. मुलीने वळून पाहिलं, मग नाही.

ते गाळणीतून सुटले. मी अजून आत आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

सगळे विचारतायत, पानं कुणी आणली. कुणाला आठवत नाही. सगळ्यांचं लिहिलं, माझंच पान लिहायचं राहिलं.

लिहायला बसले. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’. फाडलं. पुन्हा. ‘महोदय, मी खाली सही करणार’. फाडलं. हात दुसरं काही लिहीत नाही. फक्त या वहीत—

या वहीत तो लिहितो.

१३ ऑगस्ट

अण्णांना फोन. नंबर अस्तित्वात नाही म्हणे. माझा.

चपला पडवीत होत्या. आता नाहीत.

तरी भूक लागते. भूक लागते म्हणजे मी आहे.

१४ ऑगस्ट

दहा वाजले. साडेदहाला माझा ईमेल जाईल.

वही फुलाबाईंच्या मांडीवर ठेवली. लसणाच्या टोपलीआड त्यांनी ती बघितलीच नाही आधी. मी पान उलटलं. पुन्हा उलटलं. चिडले, जोरात उलटलं.

बघितलं.

वाचतायत. बोट धरून. सात जुलै. आडनावाचं वाचून हसल्या. मी शेजारी बसून शेवटच्या पानावर लिहितेय, त्यांना धक्का लागणार नाही असं.

दहा बावीस. आठ जुलै. हळू वाचतात. लई हळू. वाचा मावशी, घाई नाही, मी बसलेय—

दहा सव्वीस. दहा जुलैचं पान. ते सगळ्यात वाईट. त्यात मी आहे तशी आहे. त्यांचं स्वतःचं वाक्य आलं, ‘वाचलं न्हाई व्हय आधी’, तिथे बोट थांबलं.

बोट तिथेच आहे.

अठ्ठावीस. चष्मा काढला. पुसतायत. पेन हातातून घसरतंय, बोटं नीट दिसत— नाही सोडणार. मी संजीवनी. शिवऱ्याची. सर्जेराव अण्णांची थोरली. न वाचता दाबलं, मग वाचलं, मग—

त्यांनी मान वर केली. माझ्या बाजूला. म्हणतायत, आगं, हितं कोण—